एकच व्हेप, दोन मुलं आणि स्टाफरूमचे दोन न्याय

प्रश्न (पत्र थोडक्यात, ओळख पटेल असे तपशील काढून):

मी माध्यमिक शाळेत शिकवते, नववीची वर्गशिक्षिका आहे. मध्यंतरी माझ्या वर्गातली दोन मुलं बाथरूममध्ये व्हेप (ई-सिगारेट) ओढताना सापडली. एक वर्गात पहिला येणारा, दुसरा कायम उशिरा येणारा आणि मार्क जेमतेम. पहिल्याच्या आईवडिलांना बोलावून समज दिली आणि विषय संपला. दुसऱ्याला दोन आठवडे सस्पेंड केलं आणि आता त्याला शाळेतून काढायचंच चाललंय, त्यासाठी माझा रिपोर्ट मागितलाय. सस्पेन्शननंतर परत आल्यावर त्या मुलाने मला एकटीला गाठलं आणि म्हणाला, मॅडम मी गांजापण ओढलाय चारपाच वेळा, कोणाला सांगू नका. मी हो म्हणून बसले. वडिलांचं पिणं बघत मोठी झालेय, त्यामुळे नशा म्हटलं की मला शिसारी येते, एकदा हात लावला की माणूस गेला असंच मानत आलेय. पण या मुलाकडे बघून तसं वाटत नाही. सहकारी म्हणतात तुम्ही फार मऊ आहात. त्यात यंदाचा नशाविरोधी कार्यक्रम माझ्या गळ्यात पडलाय. बेत ठरलेला आहे, व्यसनातून बाहेर आलेल्या एकाचं भाषण आणि खराब झालेल्या फुफ्फुसांचे फोटो. मी मऊ पडतेय का? मुलाचं सांगू का? आणि कार्यक्रमाचं काय करू?

उत्तर:

मॅडम, तुम्ही तीन प्रश्न विचारलेत पण मला सगळ्यात जास्त खटकला तो तुम्ही न विचारलेला. व्हेप एकच, बाथरूम एकच, वेळही एकच, आणि एकाला समज तर दुसऱ्याला घरचा रस्ता. टॉपरबद्दल स्टाफरूममध्ये काय बोललं गेलं असेल ते मी न ऐकता सांगू शकते, बिचारा संगतीने बिघडला. आणि दुसऱ्याबद्दल, वाटलंच होतं. आता व्हेप मुळात कोणाचा होता, आधी कोणी ओढला, कोणी कोणाला दिला हे कोणी विचारलं का? तुमच्या पत्रात तरी ते कुठे नाही, आणि मला नाही वाटत कोणी विचारलं असेल, कारण उत्तर सगळ्यांना आधीच माहीत होतं.

संगतीची गोष्ट आपण शिक्षक-पालक मंडळी फार सहज बोलतो. डेनिस कँडेल या अमेरिकन संशोधिकेने १९७८ मध्ये किशोरवयीन मित्रांच्या जोड्यांचा अभ्यास केला होता, त्यात गांजा ओढण्याची सवयही धरली होती. निघालं काय तर मित्र एकमेकांसारखे वागतात ते काही फक्त एकाने दुसऱ्याला बिघडवलं म्हणून नाही, जवळपास तेवढ्याच प्रमाणात मुलं आधीच आपल्यासारखे असलेले मित्र शोधतात. म्हणजे तुमचा टॉपरही स्वतःच्या पायांनीच बाथरूममध्ये गेलेला असू शकतो, आणि तसं असेल तर आज त्या मुलाशी कोणीच बोलत नाहीये. मला खरं तर त्याची काळजी जास्त वाटते. दुसरा निदान तुमच्यापर्यंत आला तरी.

शिक्षकाच्या मनात मुलाबद्दल जे पक्कं बसलेलं असतं ते मुलापर्यंत पोचतंच. रॉबर्ट रोझेंथाल आणि लेनोर जेकबसन यांचा १९६८ चा प्रयोग तुम्ही बीएडला वाचला असेल, त्यात शिक्षकांना सांगितलं होतं की ही अमुक मुलं यंदा चमकणार आहेत, नावं खरं तर चिठ्ठ्या टाकल्यासारखी काढलेली, आणि खालच्या वर्गांत ती मुलं खरोखर पुढे गेलेली दिसली. परिणाम नक्की किती मोठा यावर पुढे भरपूर वाद झाले, पण मुलांना आपल्याबद्दलचा अंदाज कळतो यावर कोणत्याही शिक्षकाला पुरावा लागू नये. आणि नशेच्या बाबतीत तर हे जास्तच, कारण एकदा का स्टाफरूमने 'तो तसलाच' ठरवलं की त्या मुलाला सरळ वागून मिळणार काय?

आता तुमच्या समजुतीकडे येते, एकदा हात लावला की माणूस गेला. तुम्ही घरात जे पाहिलंत त्यानंतर असं वाटणं अगदी साहजिक आहे आणि मी ते चुकीचं ठरवायला बसले नाहीये. पण तुम्ही पाहिलं ते एका माणसाचं पिणं, तेही खूप वर्षं पुढे गेलेलं. १९९४ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीचे आकडे छापून आले होते, १५ ते ५४ वयाच्या लोकांचे. आयुष्यात कधीतरी तो पदार्थ घेतलेल्यांपैकी किती जण कधी ना कधी त्याच्या आहारी गेले, तर तंबाखूत साधारण ३२ टक्के, हेरॉइनमध्ये २३, कोकेनमध्ये १७, दारूत १५ आणि गांजात ९. म्हणजे प्रत्येक ठिकाणी बहुसंख्य लोक आहारी गेले नाहीत, हेरॉइनमध्येसुद्धा.

आणि यादीत सगळ्यात वर कोण आहे बघा. तंबाखू, म्हणजे निकोटीन, आणि बहुतेक व्हेपमध्ये तेच असतं. तुम्ही गांजाचं ऐकून हादरलात आणि व्हेपचं जरा कमी मनावर घेतलंत (पत्रातून तरी तसं वाटतं), पण सवय जडण्याच्या हिशोबाने त्या मुलाच्या खिशातली जास्त चिवट वस्तू कदाचित व्हेपच आहे. कोणता पदार्थ किती घाबरवतो आणि कोणता किती धरून ठेवतो या दोन गोष्टींचा क्रम बऱ्याचदा जुळत नाही. शाळेच्या गेटबाहेर सिगारेट ओढून आत येऊन ड्रग्जवर भाषण देणारे सर प्रत्येक शाळेत असतात, मुलं ते बघतात आणि त्यातून काय शिकायचं ते शिकतात.

पण थांबा, हे वाचून 'मग काय विशेष नाही' असं कोणी समजू नका, कारण ती दुसऱ्या टोकाची समजूत आहे आणि ती असलेले शिक्षकही मी बरेच पाहिलेत. आमच्या कॉलेजात सगळे ओढायचे, काय झालं आम्हाला, वगैरे. एक तर तेव्हाचा गांजा आणि आजचा गांजा एक नाही, अमेरिकेत जप्त केलेल्या मालात नशा आणणाऱ्या टीएचसीचं प्रमाण १९९५ मध्ये सरासरी ४ टक्क्यांच्या आसपास होतं ते २०१४ पर्यंत १२ च्या आसपास गेलं. दुसरं म्हणजे वय. गांजा टीनएजमध्ये सुरू केला तर तो ९ टक्क्यांचा आकडा साधारण सहातल्या एकावर जातो. दारूचंही तेच, १९९७ च्या एका अभ्यासात १५ वर्षांच्या आत प्यायला लागलेल्यांपैकी साधारण ४० टक्के पुढे कधीतरी दारूच्या आहारी गेले, विशीत किंवा त्यानंतर सुरू करणाऱ्यांत १० टक्के. आता यात लवकर सुरू करणाऱ्यांची घरची परिस्थिती आधीपासून वेगळी असणं हेही मिसळलेलं आहे, सगळा दोष वयाचा नाही. तरीही चौदा-पंधराव्या वर्षाची गोष्ट अठराव्या-विसाव्यावर ढकलता आली तर शिक्षकासाठी ते मोठं काम झालं. 'आयुष्यात कधीही नाही' याची शपथ घ्यायला लावण्यापेक्षा 'आत्ता नाही' हे जास्त हाताशी असलेलं ध्येय आहे.

म्हणजे तुमच्या समजुतीत भीती जास्त आहे आणि 'काय झालं आम्हाला' म्हणणाऱ्या शिक्षकांच्या समजुतीत कमी, आणि दोघांकडूनही मुलाला उपयोग शून्य, कारण दोन्हीकडे पुढे बोलायला काही उरतच नाही.

आता ते वचन. कोणाला सांगणार नाही असं तुम्ही म्हणालात, ते पूर्ण पाळायलाही जाऊ नका आणि गुपचूप मोडायलाही जाऊ नका. पुन्हा त्याला गाठा, वर्गात नाही, पण बंद दाराआडही नाही, आणि सरळ सांगा, की तू मला सांगितलंस ते बरं केलंस, पण मी त्या दिवशी घाईत हो म्हटलं, सगळं गुपित ठेवण्याचा शब्द मी देऊ शकत नाही. तुझ्या जिवाला धोका असेल, कोणी मोठा माणूस तुला माल देत असेल किंवा तुझ्याकडून विकून घेत असेल, तू काही टोचून घेत असशील, स्वतःला काही करून घ्यायचं मनात येत असेल, तर मी थांबणार नाही, मदत आणणार. बाकी गोष्टी कोणाला, कधी, कशा सांगायच्या ते आपण दोघं मिळून ठरवू आणि तुझ्या पाठीमागे मी काही करणार नाही. मुलं यावर रुसतील, एखादा आठवडा बोलणारही नाहीत, पण नियम आधी माहीत असलेला माणूस त्यांना जास्त भरवशाचा वाटतो. हे बोलण्याआधी एक करा, शाळेचा आणि तुमच्याकडच्या कायद्याचा मुलांच्या सुरक्षेबाबत नियम काय आहे, शिक्षकाने काय कळवणं बंधनकारक आहे ते वाचून घ्या, म्हणजे देऊ शकणार नाही असा शब्द पुन्हा तोंडातून जाणार नाही. शाळेत कौन्सेलर असेल तर मुलाचं नाव न घेता आधी त्यांच्याशी बोलता येतं.

आणि बोलणं म्हणजे चौकशी नाही. किती ओढलास, कुठून आणलास, कोण कोण होतं, हे पोलिसी प्रश्न आहेत, त्यांची उत्तरं खोटीच येणार. विल्यम मिलर आणि स्टीफन रोलनिक यांनी १९८० च्या दशकापासून व्यसनांबाबत बोलण्याची एक पद्धत घडवली, तिचा गाभा इतकाच की बदलायची कारणं आपण समोरच्याच्या तोंडी कोंबायची नाहीत, त्याच्या तोंडून यायला हवीत. तुला त्यातून काय मिळतं, हे आधी विचारा आणि उत्तर ऐकताना चेहरा शांत ठेवा (तुमच्यासाठी हे अवघड जाणार, माहितीये). मग विचारा, आणि त्रास काय होतो. मग एक साधी युक्ती, शून्य ते दहात हे बंद करणं तुला किती गरजेचं वाटतं? समजा म्हणाला तीन. लगेच 'फक्त तीन?' म्हणू नका, विचारा की शून्य का नाही, तीन का? आता तो स्वतःच कारणं सांगायला लागतो, आणि ती तुम्ही विचार करून काढलेल्या कारणांपेक्षा बरी निघतात, मैदानावर दम लागतो, आईला वास येतो, पैसे संपतात, असलं काहीतरी.

किती काळजी करायची हे कळायला डॉक्टर १२ ते २१ वयाच्या मुलांना काही ठराविक प्रश्न विचारतात. तुम्ही ते फॉर्मसारखे विचारायला बसू नका, तुमचं काम निदानाचं नाही, पण त्यातले दोन लक्षात ठेवण्यासारखे आहेत: एकटा असताना घेतोस का, आणि बरं वाटावं, टेन्शन जावं म्हणून घेतोस का. मित्रांत चारपाचदा ओढणारा आणि रात्री एकटा खोलीत ओढून झोपणारा यांचा आकडा सारखा असला तरी गोष्ट वेगळी असते. असं एकट्याने ओढणाऱ्या मुलाला आधी झोपेची, घरच्या भांडणांची, मनाला छळणाऱ्या कशाची तरी मदत लागते आणि ती शिक्षकाने एकट्याने द्यायची नसते. लाल डोळे, झोप, चिडचिड यांची यादी घेऊन हेरगिरी मात्र करू नका, ती लक्षणं परीक्षेच्या आधी अर्ध्या वर्गात दिसतात.

तुमच्या वडिलांबद्दल थोडंसंच. ती शिसारी घेऊन या मुलासमोर बसलात तर तुम्ही अर्धा वेळ त्यांच्याशीच भांडत असाल, मुलाला काही कळणार नाही मॅडम असं का बघताहेत ते. दारुड्यांच्या घरच्यांसाठीचे अल-अनॉन गट १९५१ पासून चालताहेत आणि बऱ्याच देशांत आहेत, मोठी झालेली मुलंही तिथे जातात. जाऊन बघा, किंवा एखाद्या समुपदेशकाशी बोला, या मुलासाठी म्हणून नव्हे, तुमच्यासाठी.

कार्यक्रमाबाबत मी स्पष्टच सांगते, ठरलेला बेत बदला. अमेरिकेत डेअर नावाचा कार्यक्रम १९८३ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये सुरू झाला, पोलीस वर्गात येऊन मुलांना ड्रग्जला नाही म्हणायला शिकवायचे, देशभर पसरला, टीशर्ट, स्टिकर, सगळं झालं. १९९४ मध्ये त्यावरच्या अभ्यासांची एकत्र तपासणी झाली तेव्हा ड्रग्ज घेण्यावरचा परिणाम अगदी नगण्य निघाला, आणि १९९९ मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासात हा कार्यक्रम केलेल्या मुलांना दहा वर्षांनंतर परत गाठलं तर तो न केलेल्या मुलांच्या तुलनेत काही फरक नव्हता. कार्यक्रम पुढे त्यांनी बदलला. संयुक्त राष्ट्रांच्या ड्रग्जविषयक कार्यालयाने २०१३ मध्ये प्रतिबंधाचे आंतरराष्ट्रीय निकष काढले, २०१८ च्या दुसऱ्या आवृत्तीत जागतिक आरोग्य संघटनाही सोबत होती. त्यात काय चालत नाही तेही लिहिलंय, नुसती भाषणं, नुसती माहिती आणि विशेषतः भीती घालणं, आणि व्यसनातून बाहेर आलेल्यांना आणून त्यांची कहाणी ऐकवणं. म्हणजे तुमचा अख्खा कार्यक्रमच. त्या वक्त्याबद्दल माझ्या मनात पूर्ण आदर आहे, त्यांची गोष्ट खरीच असते, पण नववीचा पोरगा त्यातून काय ऐकतो तर हा माणूस इतकी वर्षं घेऊनही आज मस्त स्टेजवर उभा आहे. आणि फोटो बघून ज्याने कधी हात लावला नाही तो घाबरतो, ज्याने लावलाय त्याला आठवतं की मला तर काही झालं नाही, आणि तिथून तो तुमचं बाकीचं बोलणंही ऐकायचं सोडतो.

त्याऐवजी एका दिवसाचा सोहळा रद्द करून आठवड्याला एक असे काही तास मागून घ्या, ज्यात मुलं बोलतील, नाही म्हणायचं करून बघतील. एक मजेशीर भाग करता येतो, वर्गाला नाव न लिहिता चिठ्ठीवर विचारा की या वर्गातले किती जण व्हेप ओढत असतील असं तुला वाटतं, आणि दुसऱ्या चिठ्ठीवर स्वतः ओढतोस का. बहुतेक ठिकाणी अंदाज खऱ्यापेक्षा बराच मोठा निघतो, आणि 'सगळेच करतात' हा फुगा फोटोंपेक्षा लवकर फुटतो. फक्त हस्ताक्षर ओळखायला जाऊ नका, एकदा तसं केलंत की पुढची दहा वर्षं कोणी खरं लिहिणार नाही.

प्राथमिकच्या बाई हे वाचत असतील तर त्यांच्यासाठीही आहे काहीतरी. अमेरिकेतल्या बाल्टिमोरमध्ये १९८० च्या दशकात पहिलीच्या वर्गांत एक खेळ वापरला गेला, वर्गाचे गट करायचे आणि गटाने मिळून शिस्त पाळली की बक्षीस, बस. ड्रग्जचा त्यात शब्दही नव्हता. ती मुलं एकोणीस-एकवीसची झाली तेव्हा त्यांच्यात, खासकरून जे मुलगे लहानपणी जास्त दांडगट होते त्यांच्यात, ड्रग्जच्या समस्या कमी निघाल्या. मला ड्रग्जमधलं काय कळतं असं म्हणणाऱ्या शिक्षकांना मी हे नेहमी सांगते, वर्ग नीट चालवणं हेच निम्मं काम आहे.

शिक्षकांसाठीही एक तास ठेवा आणि त्यात एक गोष्ट नक्की घ्या. थिनर, व्हाइटनर, गॅस असलं हुंगणारं मूल दिसलं तर ओरडू नका, मागे धावू नका. ती रसायनं हृदयाला इतकं नाजूक करतात की अचानक घाबरण्याने किंवा पळण्याने ते बंद पडू शकतं, पहिल्याच वेळेलाही. शांतपणे जवळ जा, खिडक्या उघडा, मुलाला बसवा. आणि कोणीही बेशुद्ध असेल, श्वास मंद असेल तर कुशीवर वळवा, अँब्युलन्स बोलवा, काय घेतलंय ते डॉक्टरांना सांगा. मित्रांनी मदत मागितली म्हणून त्यांना शिक्षा होणार नाही हे मुलांना आधीच माहीत असायला हवं, नाहीतर ते बेशुद्ध मुलाला बाथरूममध्ये ठेवून निघून जातील.

राहिला रिपोर्ट, आणि त्यातच तुमच्या मऊपणाच्या प्रश्नाचं उत्तर आहे. अमेरिकेतलं वॉशिंग्टन राज्य आणि ऑस्ट्रेलियातलं व्हिक्टोरिया इथल्या शाळांचा एक अभ्यास २०१५ मध्ये आला. ज्या शाळा ड्रग्जसाठी मुलांना सस्पेंड करत होत्या तिथल्या विद्यार्थ्यांमध्ये पुढच्या वर्षी गांजा ओढण्याची शक्यता तसं न करणाऱ्या शाळांच्या १.६ पट होती, फक्त सस्पेंड झालेल्यांमध्ये नाही, एकूणच. जिथे पकडलेल्या मुलाला कौन्सेलरकडे पाठवत होते तिथे ती जवळपास निम्मी. आणि त्याच अभ्यासात असंही दिसलं की शाळा 'हे घेऊ नका' असं स्पष्ट सांगत असेल तर त्याचा फायदाच होतो. तेव्हा सहकाऱ्यांना सांगा, नियम कडकच ठेवा, व्हेप जप्त करा, पालकांना बोलवा, दर वेळी आणि प्रत्येकाला. फक्त नियम मोडणाऱ्याला शाळेबाहेर काढू नका, दिवसभर मोकळा आणि कोणाचं लक्ष नसलेला पोरगा कुठे जाईल हे त्यांनाही कळतं.

रिपोर्ट एका मुलाचा लिहू नका, दोघांचा लिहा, एकाच कागदावर, घटना जशी घडली तशी, मार्क आणि उशिरा येणं वगळून. शेवटी दोघांसाठी एकच शिफारस, कौन्सेलरच्या ठराविक भेटी, पालकांसोबत बैठक, महिन्याभराने पुन्हा आढावा. गांजाचं त्यात लिहू नका, ते शिस्तीच्या फाइलमधलं नाही, ते मुलाला सांगून कौन्सेलरकडे जायला हवं. टॉपरचे पालक चिडतील, प्रिन्सिपल म्हणतील त्याचं प्रकरण संपलंय, तेव्हा शांतपणे विचारा की कोणत्या नियमाने संपलं, तेवढं मला लिहून द्या. आणि एवढं करूनही दुसऱ्याला काढायचंच ठरलं तर निदान दोन गोष्टी बैठकीच्या मिनिट्समध्ये लिहून घ्या, तो कोणत्या अटींवर परत येऊ शकतो, आणि तोपर्यंत दर आठवड्याला त्याला फोन कोण करणार. फोनसाठी कोणी नाव द्यायला तयार नसेल तर तुमचं द्या.